जात्यावरची ओवी आणि शंभर वाद्यांची गोष्ट

१४ एप्रिलची संध्याकाळ. माजलगावात मिरवणूक निघालेली असते. बँडवाले एखाद्या भीमगीताची चाल धरतात. गाणारा कोणी नसतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि जोडीला ढोल, एवढाच सरंजाम. तरीही रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी म्हातारी ओठांतल्या ओठांत शब्द म्हणू लागते आणि कडेवरच्या नातवाला सांगते, "ऐक रं, हे आपल्या बाबाचं गाणं हाय." बँडने तर एक शब्दही उच्चारलेला नाही. मग त्या म्हातारीला गोष्ट सांगितली कोणी? बँडने सांगितली, की ती तिच्या मनात होतीच आणि बँडने फक्त दार वाजवले?

प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. युरोपातील मोठमोठ्या संगीतकारांनी दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न हाताळला. लोकांच्या तोंडी असलेल्या कवितेतील गोष्ट नुसत्या वाद्यांनी सांगता येईल का, हे त्यांनी शंभर-शंभर वादक बसवून करून पाहिले. त्या प्रयत्नांतून जे कळले, त्याचा धागा आपल्या माजलगावच्या भीमनगरापर्यंत येऊन पोहोचतो, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

वाद्ये गोष्ट कशी सांगतात?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम, निवेदक आणि माईक हातात घेतलेले गायक डोळ्यांसमोर येतात. पाश्चात्य ऑर्केस्ट्रा वेगळा. त्यात व्हायोलिनच्या कुळातील तंतुवाद्ये असतात, बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकून वाजवायची वाद्ये असतात, ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये असतात आणि मागे नगारे-झांजा असतात. सर्वांसमोर कागदावर लिहिलेले स्वर असतात आणि पुढे उभा असलेला संचालक हाताने इशारे करीत असतो. आपल्या मुंबईतही एनसीपीए या संस्थेत २००६ साली 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा असा वाद्यवृंद उभा राहिला.

१८५० च्या दशकात फ्रांझ लिस्ट या संगीतकाराने 'सिंफॉनिक पोएम' हा शब्द रूढ केला. आपण त्याला वाद्यकाव्य म्हणू. म्हणजे कविता आहे, गोष्ट आहे, पण सांगणारी फक्त वाद्ये.

हे साधते कसे? पहिला मार्ग म्हणजे एकेका पात्राला एकेक छोटी चाल देणे. ती चाल वाजली की ते पात्र आले. तीच चाल पुढे मंद, तुटक वाजली की समजावे, त्या पात्रावर संकट कोसळले. दुसरा मार्ग वाद्याच्या आवाजाचा. राजाला पितळी शिंगे, मुलीला बासरी, मरणाला खर्जातला नगारा. तिसरा मार्ग ठेक्याचा. हे तर आपल्याला सांगायलाच नको. हलगीचा ठेका दुरून कानी पडला की गावाला कळायचे, ही वरात आहे, की कुस्त्यांचा फड आहे, की कोणाला शेवटचे पोहोचवायला निघाले आहेत. शब्द नसतानाही बातमी गावभर जायची. चौथा मार्ग सर्वांत बारकाईचा. कवितेची ओळ घ्यायची, तिच्या अक्षरांच्या मापाने चाल बांधायची आणि मग शब्द काढून टाकून ती चाल वाद्यांवर वाजवायची.

परंतु या सर्व मार्गांची एक मर्यादा आहे. वाद्याला रडता येते, धावता येते, गर्जना करता येते. नाव घेता येत नाही. कोण रडले, कशासाठी रडले, हे वाद्य सांगू शकत नाही. ते ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. म्हणून संगीतकार लोककवितेकडे वळले. तिच्यातल्या गोष्टी लोकांनी आईच्या मांडीवर ऐकलेल्या असतात. निम्मी गोष्ट वाद्यात आणि निम्मी ऐकणाऱ्याच्या आठवणीत असते.

निरक्षर पारास्के आणि तरुण सिबेलियस

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचा फिनलंड हा लहानसा देश. १८०९ ते १९१७ अशी शंभराहून अधिक वर्षे तो रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. त्याआधी तेथे स्वीडनचे राज्य होते. शिकलेल्या वरच्या वर्गाची भाषा स्वीडिश होती आणि फिन्निश म्हणजे शेतकऱ्या-कुणब्यांची, गड्या-मोलकरणींची बोली. त्या भाषेत काही थोर असू शकेल, यावर साहेबलोकांचा विश्वास नव्हता.

एलियास लोनरोट नावाचा एक जिल्हा डॉक्टर गावोगाव पायी फिरला. निरक्षर म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या तोंडची गाणी त्याने लिहून घेतली, जुळवली आणि १८३५ साली 'कालेवाला' हा ग्रंथ छापला. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत. गड्या-मोलकरणींच्या बोलीत एवढे मोठे महाकाव्य निघाले, तेव्हा त्या भाषेकडे पाहण्याची लोकांची नजरच बदलली. आजही २८ फेब्रुवारी हा दिवस तेथे कालेवाला दिन म्हणून पाळला जातो.

जाँ सिबेलियस (१८६५ ते १९५७) हा तेथील संगीतकार. त्याच्या घरची भाषा स्वीडिश होती. 'कालेवाला' त्याने वाचले होते, पण ते गाताना कसे लागते हे ऐकायला तो १८९१ साली पोर्वो या गावी एका बाईकडे गेला. तिचे नाव लारिन पारास्के. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मात्र तिच्या तोंडून टिपून घेतलेल्या ओळींची संख्या ३२,००० च्या वर भरली. पाच-सहा स्वरांत फिरणारी, पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येणारी ती चाल सिबेलियसने कान देऊन ऐकली.

पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८९२ रोजी, हेल्सिंकी येथे त्याची 'कुल्लेर्वो' ही मोठी रचना सादर झाली. कुल्लेर्वो हा कालेवालातील गुलाम मुलगा. त्याच्या चुलत्याने त्याच्या घरादाराचा नाश केला आणि पोराला लोहाराकडे गुलाम म्हणून विकले. लोहाराची बायको त्याला गुरे राखायला पाठवते आणि शिदोरीच्या भाकरीत दगड घालून भाजते. रानात भूक लागल्यावर मुलगा भाकर कापायला जातो आणि त्याची सुरी दगडावर आपटून मोडते. बापाची, कुळाची तेवढी एकच आठवण त्याच्याजवळ उरलेली असते, तीही जाते. भाकरीत दगड घालणारे हात कसे असतात, हे आपल्या मागच्या पिढ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या रचनेचे पाच भाग आहेत. 'कुल्लेर्वोचे तरुणपण' हा दुसरा भाग नुसत्या वाद्यांवर आहे. तिसऱ्या आणि पाचव्या भागात मात्र पुरुषांचा समूह कालेवालाच्या ओळी गातो. जिथे नाव घेतल्यावाचून भागेना, तिथे जणू सिबेलियसने माणसाचा गळा मागून घेतला.

पुढे १८९६ साली त्याने लेम्मिन्काइनेन या वीराच्या चार कथा वाद्यांवर मांडल्या. त्यातली 'तुओनेलाचा हंस' जगभर वाजते. तुओनेला म्हणजे मेलेल्यांचा देश. त्याच्या काळ्या नदीवर एक हंस तरंगत असतो. तंतुवाद्ये दबक्या आवाजात नदी होतात आणि 'इंग्लिश हॉर्न' नावाचे एकच वाद्य हंसाचे गाणे गाते. नावात हॉर्न असले तरी हे वाद्य लाकडी आहे आणि दोन पात्यांच्या पिपाणीवर वाजते, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले. त्यात ना शब्द आहे, ना घटना. पण ज्याने ती कथा ऐकली आहे त्याच्यासमोर ती नदी उभी राहते.

सिबेलियसचे नाव मोठे झाले आणि ते योग्यच होते. पारास्के मात्र १९०४ साली गरिबीतच वारली. तिचे नाव मागे राहिले याचे कारण एवढेच, की गाणी लिहून घेणाऱ्याने गाणारीचे नावही लिहून ठेवले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

सत्य सांगणारा चरखा

चेक देशाचा अंतोनिन ड्वोर्झाक याने चौथा मार्ग पुरता अवलंबिला. कारेल एर्बेन या कवीने आपल्या लोककथांवरून रचलेल्या कथाकाव्यांचे पुस्तक १८५३ साली प्रसिद्ध केले होते. ड्वोर्झाकने १८९६ साली त्यातील चार कथा वाद्यवृंदासाठी लिहिल्या. पाणभुताची, दुपारच्या चेटकिणीची, सोन्याच्या चरख्याची आणि रानकबुतराची.

त्यातली सोन्याच्या चरख्याची कथा अशी. राजाने एका गरीब मुलीशी लग्न ठरवले. सावत्र आईने तिला रानात नेऊन मारले, तिचे हातपाय तोडले, डोळे काढले आणि तिच्या जागी आपली सख्खी मुलगी राणी म्हणून पाठवली. रानातल्या एका म्हाताऱ्याला ती मुलगी सापडली. त्याने राजवाड्यात सोन्याचा चरखा विकायला पाठवला आणि मोल म्हणून तिचे अवयव परत मागून घेतले. खोट्या राणीने राजासमोर तो चरखा फिरवायला घेतला, तेव्हा चरखाच गाऊ लागला आणि खुनाची सगळी हकीकत त्याने सांगून टाकली.

ड्वोर्झाकने या कथेतील अनेक ठिकाणी एर्बेनच्या ओळी घेऊन त्यांच्याच मापाने चाली बांधल्या आणि त्या वाद्यांना दिल्या. ज्या चेक माणसाला ती कविता पाठ आहे, त्याला चालीखालचे शब्द ऐकू येतात. इतरांना नुसती सुंदर चाल ऐकू येते. आपल्या मिरवणुकीतल्या म्हातारीचे आणि बँडचे नातेही असेच नाही काय?

आणि चरखाच का बोलला? कारण बाईचा दिवस त्याच्याजवळ जातो. घरात तिचे ऐकणारे कोणी नसेल तर ती चाकालाच सांगणार. आपल्याकडे ते चाक दगडाचे होते.

दुःखाच्या गाण्याची सिंफनी

हाच ड्वोर्झाक १८९२ ते १८९५ या काळात अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या एका संगीत विद्यालयाचा प्रमुख होता. तेथे काळ्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळत असे. हॅरी बर्ले हा असाच एक विद्यार्थी. त्याच्या आजोबांनी गुलामी भोगली होती आणि नातवाला गुलामांची भक्तिगीते शिकवली होती. बर्ले ती ड्वोर्झाकला गाऊन दाखवी. अमेरिकेचे भावी संगीत काळ्या लोकांच्या या गाण्यांवरच उभे राहिले पाहिजे, असे ड्वोर्झाकने १८९३ साली जाहीरपणे सांगितले. बड्या बड्या मंडळींना ते रुचले नाही. बरोबर वीस वर्षांनी, १९१३ साली, त्याच न्यूयॉर्क शहरात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले.

परंतु ड्वोर्झाक पाहुणा होता. ज्यांचे दुःख त्यांनीच ते मोठ्या वाद्यवृंदावर मांडावे, हे घडायला १९३१ साल उजाडले. विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या संगीतकाराची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' त्या वर्षी रॉचेस्टर येथे वाजवली गेली. अमेरिकेतील एका प्रमुख वाद्यवृंदाने काळ्या अमेरिकन माणसाची सिंफनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. सुरुवात सनईच्या कुळातल्या त्याच इंग्लिश हॉर्नने होते. मग ट्रम्पेट 'ब्लूज'ची चाल घेतो. ब्लूज म्हणजे काळ्या कष्टकऱ्यांचे दुःखाचे गाणे. त्यात पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर येते. अशा गाण्याला सभ्य संगीतात तेव्हा जागा नव्हती. स्टिलने त्याच्यावरच सिंफनी उभारली. तिसऱ्या भागात त्याने बँजोही आणला. हा बँजो म्हणजे गुलामांनी आफ्रिकेतून आठवणीत आणलेले तंतुवाद्य. आपल्याकडच्या बेंजो पार्टीतला बेंजो निराळा.

चार भागांची नावे ओढ, दुःख, विनोद आणि आकांक्षा अशा अर्थाची आहेत. प्रत्येक भागाला पॉल लॉरेन्स डनबार या काळ्या कवीच्या ओळी जोडल्या आहेत. डनबारचे आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. त्याने आपल्या लोकांच्या बोलीत कविता लिहिल्या होत्या. म्हणजे कवी त्यांचा, चाल त्यांची, संगीतकार त्यांचा. फिनलंड आणि चेक देशात शिकलेला माणूस लोकांकडे गेला होता. इथे लोकांतलाच माणूस शिकून उभा राहिला. हा फरक आपल्याला चटकन कळतो, कारण बाबासाहेबांच्या चळवळीचा अर्थच तो आहे.

माजलगावच्या जात्यावर

आता आपल्या गावाकडे येऊ. सिंदफणेच्या काठचे माजलगाव धरणासाठी, उसासाठी ओळखले जाते. पण ज्या एका गोष्टीसाठी ते देशभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ या दोन समाजशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या कामाला दोन दशके लागली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली हे लोक माजलगावच्या भीमनगरात आले. बुद्ध, बाबासाहेब आणि रमाई यांच्यावरील ओव्यांचा मोठा साठा त्यांना आपल्या या वस्तीत सापडला. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हा सर्व संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले आहे.

ज्या बाईने शाळेची पायरी पाहिली नाही, तिने बाबासाहेबांचे चरित्र कुठे वाचले? ते तिने ऐकले. सभेहून आलेल्या नवऱ्याकडून, भावाकडून, जलशातून ऐकले आणि पहाटे जात्यावर बसून स्वतःच्या शब्दांत परत मांडले. तिच्या ओवीतला भीम कोणी दूरचा पुढारी नसतो. तो घरातला असतो, भावासारखा येतो-जातो. रमाई तर तिच्या स्वतःच्या कष्टांची सोबतीण असते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धर्मांतर झाले, ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. या तारखा आपण पुस्तकात वाचतो. पुस्तक नसलेल्या घरांत ओवीनेच पुस्तकाचे काम केले.

ओवी म्हणण्याची रीतही समजून घ्यावी. दोन ओळी, शेवटी यमक. बाया तिच्या चालीला 'गळा' म्हणतात. गळा थोड्याच स्वरांत फिरतो, पारास्केच्या चालीसारखाच. एक जण ओळ काढते, खुंट्याच्या पलीकडची ती उचलते. अर्धी ओळ पुन्हा येते, मध्ये 'गं बाई'सारखे शब्द पेरले जातात, कारण दगडाचा फेरा पुरा व्हायला हवा. ठेका हाताचा असतो आणि खालून दगडाची घरघर सतत चालू असते. पहिली ओळ पुन्हा म्हणण्यात कष्टकऱ्यांच्या ब्लूजची आणि ओवीची कशी गाठ पडते, ते वाचकांनीच पाहावे.

उद्या आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी संगीत शिकून या गळ्यावर वाद्यकाव्य रचायला बसली, तर साहित्य सगळे तयार आहे. खर्जातली तंतुवाद्ये जात्याची घरघर होतील. सनई गळा धरील. रमाईची चाल आणि भीमाची चाल निराळी राहील, आणि शेवटी दोन्ही एकत्र येतील.

हलगी, बँड आणि सैराट

कोणी म्हणेल, हे आपल्या आवाक्यातले नाही. २०१६ साली 'सैराट' चित्रपट आला. जातीबाहेरच्या प्रेमाची आणि त्यापायी झालेल्या खुनाची ती गोष्ट. दिग्दर्शक नागराज मंजुळे. संगीतकार अजय-अतुल यांनी या मराठी चित्रपटाच्या गाण्यांसाठी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जाऊन सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. ती गाणी नव्याने लिहिलेली होती, लोककविता नव्हती. तरी गावाकडच्या बोलीखाली पाश्चात्य व्हायोलिने वाजली आणि खेड्यापाड्यांतील माणसाला ती परकी वाटली नाहीत. शेवटच्या प्रसंगात मात्र दिग्दर्शकाने सगळे वाद्य थांबवले. लहान मूल रडते आणि त्याचा आवाजही ऐकू येत नाही. वाद्ये कुठे थांबली, यातूनही गोष्ट सांगता येते.

आपला बँडवाला लॉस एंजेलिसला गेलेला नाही. त्याच्यासमोर स्वरलिपीचा कागदही बहुधा नसतो. तो कानाने शिकतो. पण वामनदादा कर्डकांचे गीत वाजवताना तो ड्वोर्झाकचेच काम करीत असतो. शब्दांच्या मापाने फुंकतो, जिथे शब्द तुटतो तिथे श्वास घेतो. म्हणून तर म्हातारीला शब्द ऐकू येतात. आजकाल अनेक ठिकाणी बँडची जागा डीजेने घेतली आहे. त्या दणदणाटात छाती हादरते, पण शब्द ऐकू येत नाही. आनंद जरूर करावा. मात्र ज्या आवाजात आजीला ओठ हलवता येत नाहीत, त्या आवाजात गोष्ट पुढच्या पिढीकडे जात नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाजवणे हे आपल्या समाजांवर एके काळी जातीने लादलेले काम होते. ज्याने सनई-हलगी वाजवून लग्न साजरे केले, त्याला मांडवाबाहेर बसून जेवावे लागे. ती लाचारी टाकली हे उत्तम झाले. जातेही तसेच. पहाटे चारला उठून पाच पायल्या दळणाऱ्या बाईच्या खांद्याला विचारा, जात्यात काव्य होते का. गिरणी आली हे बरेच झाले. कोणी जात्याचे गोडवे गाऊन बायांना परत दगडाजवळ बसवू पाहील तर त्याला ठणकावून नाही म्हणावे. पण दगड टाकताना त्याच्यावर म्हटलेला शब्दही टाकायचा का? दगड लादलेला होता. शब्द तिने स्वतः निर्माण केलेला होता.

नावासकट नोंद

माझी आई ओव्या म्हणत असे. गिरणी आल्यावरही हळदीच्या दळणाला बाया तिलाच बोलावत. १९९६ साली मी शाळेत होतो. पुढे बी.कॉम. झालो, कचेरीत चिकटलो. आयुष्यभर लोकांच्या नोंदी लिहिल्या, रुपया-पैशाचा मेळ लागेपर्यंत उठलो नाही. पण आईची एक ओवीही कागदावर घेतली नाही. ती गेल्यावर बहिणीला विचारले, तिला तीन-चार आठवल्या. गळा आठवतो, शब्द आठवत नाहीत. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर चाल जमेस आहे आणि शब्द खात्यातून उडाले आहेत. आज कोणी तो गळा सनईवर वाजवला तर मला रडू येईल, पण गोष्ट कळणार नाही. या लेखाच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला असे घरातच मिळाले. वाद्य फक्त दार वाजवते. आत कोणी असावे लागते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. येत्या रविवारी आपल्या आजीजवळ, मावशीजवळ, चुलतीजवळ बसा. तिला मूठभर ज्वारी आणि जाते दिले तर उत्तम. नुसता हात फिरवू दिला तरी ओवी आठवते. ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला तिला तिचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि तारीख बोलायला सांगा. मग ओव्या जशा म्हटल्या तशाच वहीत उतरवा. शब्द अशुद्ध वाटला म्हणून सुधारू नका. तिने 'हाय' म्हटले असेल तर 'आहे' लिहू नका. मात्रा बदलली की गळा मोडतो. ही वही आपल्या विहाराच्या कपाटात ठेवा, तिची एक प्रत आणखी कोणाकडे ठेवा. मुलांना शाळेच्या सुट्टीत हे काम द्या. त्यातून त्यांना इतिहासही कळेल आणि आजीही कळेल.

आणि जयंती मंडळांनी एवढे करावे. मिरवणुकीच्या वाटेवर एके ठिकाणी दहा मिनिटे सगळे थांबवावे. वस्तीतल्या एखाद्या म्हातारीला दोन ओव्या म्हणू द्याव्यात आणि लगेच बँडवाल्याने तोच गळा क्लॅरिनेटवर धरावा. शब्द आधी, वाद्य नंतर. पुढच्या वर्षी शब्दांवाचून तो गळा वाजला तरी पोरांना गोष्ट ऐकू येईल. याला शंभर वादक लागत नाहीत. एक क्लॅरिनेट आणि एक आजी पुरे.

सिबेलियस आपल्यात कधी जन्मेल ते सांगता येत नाही. पारास्के मात्र आजही आपल्या वस्तीत आहेत, आणि त्या थकल्या आहेत. त्यांची नोंद आधी झाली पाहिजे, नावासकट.

जय भीम.